रेणूंच्या सोयरिकी

सोयरिकी जुळवणारी माणसं परभणी जिल्ह्यात पैशाला पासरी मिळतील. पण डोळ्यांना न दिसणाऱ्यांच्या सोयरिकी सांभाळणारा माणूस ब्रह्मदेवानं एकच घडवला आणि तो नेमका आमच्या अक्काच्या गळ्यात बांधला. दाजी शेतकी कॉलेजात जीवरसायन शिकवत. पेशीतला कुठला रेणू कुठल्या रेणूला चिकटतो, हे जगभरच्या नियतकालिकांतून टिपून एका जागी आणायचं, म्हणजे कुणाही संशोधकानं विचारलं की चुटकीसरशी काढून देता येईल, हा त्यांचा ध्यास. टिपणं लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर. पुढे चि. आणि चि. सौ. कां., मागे दोन प्रथिनं. कडेला भोकं, त्यांतली खुणेची तेवढी काठापर्यंत कापून उघडी केलेली. गठ्ठ्यात अक्काची स्वेटरची सुई घालून उचलली, की हव्या त्या पत्रिका तेवढ्या खाली पडत. "बघा, सोयरे आपसूक हजर," दाजी म्हणत. ताडकळसच्या एका लग्नात त्यांनी भर पंगतीत उरलेल्या पत्रिका मागितल्या. वधूपिता म्हणाले, "लग्न तर लागलं की, साहेब." दाजी म्हणाले, "तुमचं लागलं. माझी लय राहिलीत."

घरात पत्रिका इतक्या झाल्या, की डाळीच्या डब्यातून डाळ गेली आणि नुसती प्रथिनं राहिली. त्या दिवशी अक्का म्हणाली, "नांदा आता ह्यांच्यासंगंच," आणि राणीसावरगावला, माहेरी निघून आली.

दाजी तिला न्यायला आले खरे, पण डोक्यात दुसराच भुंगा होता. एका संशोधक बाईंनी एका रेणूचे सोयरे विचारले होते आणि सुईनं एकही पत्रिका पाडली नव्हती. अक्का घरी नव्हती, म्हणून दाजींनी हातपंपावरच्या बायकांना विचारलं, "सुनंदा कुठंय?"

"कोन सुनंदा? ह्या नावाची बाई न्हाई इथं."

"अहो, माझी बायको."

"गयाला इचारायलाव व्हय दाजी? मग तसं म्हना की. सासरचं नाव आमाला काय ठावं."

दाजी जागच्या जागी थिजले. एकाच रेणूला एका प्रयोगशाळेनं एक नाव ठेवलं असेल, दुसरीनं दुसरं. "एकीलाच दोन नावं," असं पुटपुटत ते वळले आणि समोर आलेल्या परभणीच्या एस.टी.त चढले. अक्का घरी आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. तिनं बांधून ठेवलेली पिशवी सोडली आणि लुगडी परत दांडीवर टाकली. "आता न्हाई जात मी," म्हणाली.

बाहेर विद्यापीठाच्या नामांतराच्या सभा चालल्या होत्या. दाजी घरात बसून एकेका रेणूची माहेर-सासरची नावं जोडत होते. त्या संशोधक बाईंना हवी होती ती पत्रिका अखेर सुईवरून पडली आणि दाजी पुन्हा आमच्या अंगणात उभे राहिले. अक्का आतून हलेना. आई समजावून थकली. मग दाजींनी घसा खाकरला आणि हाक मारली, "गया."

त्यांच्या तोंडून हे नाव कुणी ऐकलं नव्हतं, अक्कानंही नाही. तिनं दांडीवरची लुगडी काढून पिशवीत भरली. मग पिशवी घेऊन बाहेर आली. "चला," म्हणाली.

पुढे त्या पत्रिका कॉलेजच्या संगणकात गेल्या, सगळ्या नावांसकट. दाजी गेले, आई गेली, हातपंपावरच्या त्या बायकाही. परभणीत अक्काला सुनंदाबाई म्हणणारे पुष्कळ आहेत. परवा मीच धीर करून "गया" म्हणून पाहिलं. अक्का हसली, पण ओ दिली नाही.