व्याह्यांचे तांब्याचे कपटे

माझ्या व्याह्यांइतका निरुपद्रवी आणि तरीही अख्ख्या घराला धाकात ठेवणारा माणूस नागपुरात दुसरा सापडणार नाही. इंजिनिअरिंग कॉलेजात मायक्रोवेव्ह शिकवता शिकवता ते निवृत्त झाले, म्हणजे कॉलेज तिथेच सोडून मायक्रोवेव्ह तेवढा घरी घेऊन आले. माझ्या बायकोला वाटलं, हे स्वयंपाकाची भट्टी दुरुस्त करत असावेत. तिने विचारल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "नाही जी ताई, आपण लहरींची ताकद वाढवतो. पोळी गरम करायची असन तर गॅसच बरा."

मागच्या खोलीत त्यांचं टेबल. त्यावर तळहाताएवढी पाटी, पाटीवर तांब्याच्या पट्ट्या आणि मधोमध एक ट्रान्झिस्टर. बारीक सिग्नल आत घालायचा आणि दणकट बाहेर काढायचा, एवढंच काम. पण पट्टीचं माप पुढच्या जोडणीशी जुळलं नाही, तर निघालेली ताकद माघारी फिरते आणि ट्रान्झिस्टरलाच जाळते. ते जुळावं म्हणून व्याही तांब्याच्या पत्र्याचे तिळाएवढे कपटे कापून, लाकडी काडीने पट्टीच्या कडेला सरकवत बसत. कपटा केसभर हलला की मीटरवरचा आकडा बदले. कपटे उडू नयेत म्हणून तेवढा वेळ पंखा बंद, कूलर बंद. तेही मे महिन्यात. मी उमरेडहून एसटीने घामाघूम होऊन पोचायचो, तर दारातच ऐकायला मिळे, "या पाहुणे, हळू चाला. तेविसावा कपटा बसून राहिला." लग्नाच्या बोलणीत मानपानाचा विषय निघाला, तेव्हा ते अर्धा तास गायब होते. शेवटी आम्हीच मानपान रद्द करून टाकला आणि ते आल्यावर त्यांना तसं सांगितलं. "उत्तम," ते म्हणाले, "आकडाबी वाढला."

यंदा त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने हवामानाच्या रडारसाठी अॅम्प्लिफायरचा नमुना मागितला. सोमवारी द्यायचा होता. शनिवारी सकाळी माझ्या मुलीने, म्हणजे त्यांच्या सुनेने, खोली झाडली आणि जाता जाता टेबलही पुसून टाकलं. कपट्यांना अजून सोल्डरचा डाग देऊन पक्कं केलेलं नव्हतं. दोन महिन्यांचं काम सुपलीत गेलं.

मी शनिवार-रविवार तिथेच मुक्कामाला होतो. मुलगी रडवेली झाली होती आणि बाप म्हणून माफी मागायला मी पुढे झालो. व्याही टेबलाशी आले. मग म्हणाले, "जाऊ दे बेटा. खरं सांगू का, ते जुळतच नव्हतं. वर्षभरापासून माहा हात हलून राहिला. कपटा ठेवतो एकीकडे, बसते दुसरीकडे. कोणाले सांगितलं नाही मी."

मुलीने डोळे पुसून सासऱ्यांना विचारलं, "काडी कशी धरायची, बाबा?"

दोन दिवस ती टेबलाशी वाकून होती आणि ते मागून आकडे वाचत होते. "डावीकडे. अजून. थांब वं." रविवारी दुपारी ट्रान्झिस्टर जळाला. ती घाबरली, तेव्हा ते म्हणाले, "पहिल्या वर्षी मी चौदा जाळले. तुले अजून तेरा बाकी आहेत." मग स्वयंपाकघरात येऊन त्यांनी मला हळूच सांगितलं, की डब्यात आता एकच उरला आहे. संध्याकाळी आकडा हवा तिथे पोचला आणि तिने स्वतःच्या हाताने डाग दिला. सोमवारी नमुना गेला, पसंतही पडला.

परवा गेलो, तर व्याही व्हरांड्यात पेपर घेऊन बसले होते. आज सुट्टी का, मी विचारलं.

"तिले आता आकडा सांगा लागत नाही," ते म्हणाले. स्वरात अभिमान होता, पण नंतर बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही. तेवढ्यात आतून हाक आली, "बाबा, जरा येता का? जुळून नाही राहिलं." ते असे घाईने उठले, की एक चप्पल खुर्चीखालीच राहिली.

तिचं खरंच अडलं होतं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.