सगळ्यात आधी मरणारा

नागपूरहून वर्ध्याला येणाऱ्या एसटीत माझ्या शेजारचा पन्नाशीचा माणूस मोबाइलमध्ये बघून इतका संतापला होता, की मी विचारलं, "काय झालं, भाऊ?"

"कॉलेजात आमी पाच दोस्त नालवाडीच्या खोलीवर एक खेळ खेळो," तो म्हणाला. "कागदावर भुयाराचा नकाशा अन् वीस बाजूंचा फासा. एक जण गोष्ट सांगे, बाकीचे त्या गोष्टीत योद्धा, जादूगार, चोर बनत. आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या खेळाच्याच आठवणी काढून राह्यले. आमच्यातला एक जण मागच्या साली वारला. त्याच्या पोरीनं त्याच्याच नंबरवरून ग्रुपवर विचारलं, बाबा कसे खेळत होते? तं ह्यायनं लिहिलं, 'तुझा बाप सगळ्यात आधी मरे.' अन् वरून हसून राह्यले!"

त्याने समोरच्या सीटवर मूठ आपटली.

"खोटं आहे का ते?"

"मरेच तो. पण काऊन मरे? खेळात राक्षस आला का हे सारे पळत, अन् तो एकटा दार अडवून उभा राहे. गोष्ट मी सांगो, मले मालूम नाई काय?"

पोरीला व्हॉइस मेसेज पाठवायला त्याने मोबाइल तोंडाशी धरला. "बेटा, तुझा बाप..." बसच्या खडखडाटात त्याचं त्यालाच ऐकू येईना. तो ड्रायव्हरवर खेकसला आणि वर्ध्याचं तिकीट असूनही पवनारलाच उतरला.

आता मलाही त्या हसणाऱ्यांचा राग आला होता. बस हलली तेव्हा तो रस्त्याकडेला उभा राहून मोबाइलमध्ये ओरडून सांगत होता. पोरीला दिसणार नव्हतं, तरी मोकळा हात आडवा पसरून तो तिचा बाप कसा उभा राहायचा, ते दाखवत होता.