दोन चापांची रायफल आणि कासमभाई

‘कासमभाईंनी गोड बोलून दोन चापांची रायफल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली आणि त्यापायी एक तरुण मुलगा गेला.’ कुवेतमधल्या आमच्या कोकणी मंडळींत ही कथा अजून चवीने सांगितली जाते. सांगणाऱ्यांपैकी एकही त्या दुकानात नव्हता. मी होतो. शिकारी बंदुकांच्या त्या दुकानात गल्ल्यावर मी आणि मागे दुरुस्तीच्या टेबलाशी राजापूरचे कासमभाई, अशी आम्ही उमेदीची सारी वर्षे काढली.

कोणी रायफल मागितली की कासमभाई आधी त्याच्याशी हस्तांदोलन करीत, ते लांबवत आणि त्याची बोटे न्याहाळत. मग विचारत: शिकार बसून करणार की गाडीतून? थंडी किती? सोबत कोण? दोन चापांच्या रायफलीत मागचा चाप ओढून ठेवला की पुढचा इतका हलका होतो, की नुसत्या स्पर्शाने बार उडतो. एका जागी बसून दूरचा नेम धरणाऱ्याला ती उत्तम, हे ते मान्य करीत. बाकीच्यांना एकच, जरा जड चाप सुचवीत. ‘भाऊ, चाप जड असला की माणसाला मन बदलायला वेळ मिळतो,’ असे मला म्हणत.

अबू फहद आमचे जुने गिऱ्हाईक. मुलाला घेऊन ते परदेशी डोंगरांत शिकारीला निघाले होते आणि त्यांना दोन चापांचीच हवी होती. कासमभाईंनी मोडक्यातोडक्या अरबीत पुष्कळ समजावले: जीपचे धक्के, गारठलेली बोटे. तू जन्मात कोंबडीपलीकडे काही मारले आहेस का, असे अबू फहदांनी हसत विचारले.

‘नाही मारलं,’ कासमभाई म्हणाले, ‘म्हणून तर दहाही बोटं जागेवर आहेत.’

सगळे हसले. रायफल दोन चापांचीच गेली.

परत आले ते मुलाचे शव. मागचा चाप ओढलेली रायफल बापाच्याच मांडीवर होती आणि जीपला धक्का बसला.

मग बाजाराने कासमभाईंना दोषी ठरवले. त्यांनी खुलासा केला नाही, तेव्हा शहाण्यांनी त्या मौनालाच कबुली मानले. मी संतापून म्हणालो, खरे काय ते सांगा, नाहीतर मी सांगतो. हातातली कानस पुसत ते म्हणाले,

‘भाऊ, हट्ट कोणाचा होता ते त्या बापाला रोज उठल्याबरोबर आठवत असेल. ते आपण आणि चारचौघांत कशाला बोलायचं? मला बोलतात ते बोलू देत. माझी मुलं जिवंत आहेत.’

ते होते तोवर मी गप्प राहिलो. माझ्या स्वभावाला ते किती जड गेले, हे मला ओळखणारे जाणतात.

गेल्या हिवाळ्यात कासमभाई गेले. मुले राजापूरला; व्हिसाच्या घोळात त्यांना येता आले नाही. दफन इथेच, सुलैबिखातच्या कब्रस्तानात झाले. मयत हातावर घ्यायला कबरीत उतरतो तो सहसा नात्यातला पुरुष. नातलग कोणी नव्हता आणि ती कथा सांगणारे गाववाले एकमेकांच्या तोंडाकडे पाहत उभे होते. कबरीत उतरून कासमभाईंना दोन्ही हातांवर घेतले, ते अबू फहद यांनी.