जगाची डिप

"डिप घेतली का?"

पेठेत काहीही सांगा, चाचांचा हा प्रश्न ठरलेला. साखर महागणार म्हणा, कुणाचं लग्न मोडलं म्हणा, खांद्यावरचं फडकं ओढून ते विचारणारच, "डिप घेतली का, मास्तर?"

चाचा आमच्या पेठेच्या तोंडाशी असलेल्या पेट्रोलपंपावर होते. रोज सकाळी जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडायचं, लांब काठी तळापर्यंत सोडायची आणि ओल कुठवर आली ते वाचायचं, याला डिप घेणं म्हणतात. पेट्रोलची ओल बघता बघता उडते, म्हणून चाचा काठीला आधी खडू फासायचे; खडूवर ओलीची रेघ टिकते. खडू माझ्या शाळेतला. म्हणजे सोलापूरच्या इंधनव्यवस्थेत माझाही हातभार होता, असं मी घरी सांगत असे. घरचे उठून जात.

अरबांनी तेल रोखलं तो काळ. पंपावर डब्यांच्या रांगा. वर्तमानपत्रं वाचून वाचून मी तेलतज्ज्ञ झालो आणि वाचनालयात व्याख्यानच ठोकलं. फळ्यावर डोंगर काढला, बरोबर माथ्यावर फुली मारली. म्हणालो, "जगात दरसाल निघणारं तेल इथवर चढलं. आता उतरण!"

पहिल्या रांगेत करकंबहून आलेले माझे मेहुणे होते. उसाला पाणी उपसणारं डिझेल इंजिन विकावं की ठेवावं, हे ते माझ्या शब्दावर ठरवणार होते. दुसऱ्याच दिवशी अकलूजचं गिऱ्हाईक येणार होतं. फुलीकडे बघून ते पुटपुटले, "मंग इकतोच."

तेवढ्यात मागून आवाज आला, "मास्तर, ही डिप कोनी घेतली?"

हशा पिकला. मी तोऱ्यात म्हणालो, "छापून आलंय, चाचा. तेल कमी निघायला लागलंय."

"परवा आमचं मशीन बंद पडलंतं. दिवसभर थेंब इकला न्हाय. म्हून काय टाकी आटली व्हय? अन् उतरून खाली आल्याबिगर माथा कुटं झाला ते कळतंय का? तुमी तर फुली मारून मोकळे!"

मेहुणे वळले. "म्हंजे तेल लई हाय म्हनता? ठिवू इंजिन?"

सगळी सभा चाचांकडे बघायला लागली. 'व्हय' म्हणाले असते तर टाळ्या पडल्या असत्या. खरं सांगतो, फजिती झाकायला मीही वाजवल्या असत्या.

चाचा म्हणाले, "ते मला काय म्हाईत, पावनं? जगाच्या टाकीला माजी काठी पुरत न्हाय. संपलंबी म्हनत न्हाय, हायबी म्हनत न्हाय. पर तुमच्या हिरीत पानी किती, घरात डिझेल किती, ती डिप तुमाला घेता येती की. घ्या, मग ठरवा."

मेहुण्यांनी गिऱ्हाइकाला थांबवलं आणि आधी विहीर बघितली, मग डबे. ऊस तोडणीला येईपर्यंत दोन्ही पुरतील असं दिसलं. इंजिन राहिलं. पुढं त्याच इंजिनाच्या पाण्यावर माझ्या दोन्ही भाच्या शिकल्या.

माथा आला, माथा गेला, असं सांगणारे त्यानंतर पुष्कळ भेटले. पण भरसभेत 'मला माहीत नाही' म्हणणारा माणूस आमच्या पेठेत होता, हे मी अजून छाती फुगवून सांगतो. फळ्यावरची फुली माझी होती, हेही सांगावं लागतं.

चाचा गेले त्यानंतरच्या आठवड्यात सवयीनं पंपावर गेलो. नव्या माणसानं खडू न फासताच काठी टाकीत सोडली, वर काढली आणि न बघताच म्हणाला, "असंल की निम्मी."

मी खिशातला खडू काढून त्याच्या हातात दिला.