वैद्यिणीचं पान

चादरीची दोन टोकं माझ्या हातात होती, दोन वन्संच्या. पहिली घडी झाली, दुसरी घालायची, तेवढ्यात वन्संनी आपली टोकं सोडली आणि टेबलाकडे चालत्या झाल्या. चादर माझ्या पायाशी आणि टोपलीत अजून अर्धे कपडे. वन्सं म्हणजे आमच्या यजमानांची थोरली बहीण. निवृत्त झाल्यापासून आमच्याकडेच असतात. त्यांना काही सुचलं की हातातलं काम असं वाऱ्यावर पडतं. मी देवाचं नाव घेतलं आणि चादर हनुवटीखाली धरून एकटीने घडी घातली.

वन्सं एकतीस वर्षं दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसल्या. तिथे त्यांना लहानथोर सगळे खिडकीताई म्हणत. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचता येणारं अख्ख्या दवाखान्यात एकच माणूस होतं, ते म्हणजे ह्या. समोर रांग आणि हातात वीतभर कागद. त्यावर माणूस असा उतरवायचा की पुढच्या खोलीतल्याला परत विचारावं लागू नये. घरी बसल्यावर ही विद्या गंजणार, असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही.

आमच्या रस्त्याच्या टोकाला वाचनालय आहे. शनिवारी दुपारी तिथे सहा माणसं एका टेबलाभोवती बसतात. ग्रंथपाल गोष्ट सांगतात, प्रत्येक जण त्या गोष्टीतलं एक पात्र होतो आणि आपण काय करणार ते बोलतो. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात. यजमान ह्याला मोठ्यांची भातुकली म्हणतात. पण नवख्या माणसाने स्वतःचं पात्र रचायचं म्हटलं तर त्याचे दोन तास आकड्यांतच जातात. म्हणून तयार पानं लागतात. एका पानावर एक पात्र, त्याचं बळ, कसब आणि सामानसुमान. आलात, पान उचललंत, खेळायला बसलात. ही पानं आमच्या वन्सं करतात.

पहिल्या खेपेला त्यांनी तलवारवालीचा चक्क केसपेपर केला होता. वजन, रक्तगट, कशाची ॲलर्जी, आणि तळाला ‘जवळच्या नातेवाइकाचे नाव’. ग्रंथपाल पोट धरून हसले, पण ती शेवटची ओळ मात्र त्यांनी ठेवून घेतली. घरी कोणी वाट बघणारं असलं की माणूस दरीत उडी मारताना दोनदा विचार करतो, असं त्यांचं म्हणणं. मग वन्सं शिकत गेल्या. खिडकीशी आलेल्याला आधी एवढंच कळायला हवं असतं, की मी कुठल्या खोलीत जाऊ. तसं आता पानावर सगळ्यात वर ठळक अक्षरांत असतं, ह्या पात्राला काय हवंय. तलवारवालीला हरवलेला भाऊ शोधायचाय. कुलपं उघडणाऱ्या चोराला चोरलेली एक वस्तू परत ठेवायचीय. आकडे उजवीकडे, मोठे, चष्मा विसरलेल्यालाही दिसतील असे. चित्रंही त्याच काढतात. नाकं तेवढी सगळ्यांची यजमानांसारखी येतात.

सहातली पाच पानं हां हां म्हणता उचलली जायची. सहावं तेवढं राहायचं, वैद्यिणीचं. जो उशिरा येईल त्याच्या नशिबी ते. मागच्या महिन्यात ते एका टेलरबाईंच्या वाट्याला आलं. तासाभरात त्या उठल्या. “सगळ्यांच्या जखमा बांधायला मी शनिवारची दुपार काढून आले नाही,” असं म्हणून पिशवी घेऊन गेल्या. ग्रंथपाल माणूस भला, पण त्यांनी वन्संना सांगून टाकलं, की आणखी एकदाच बघू. पुन्हा कोणी अर्ध्यातून उठलं तर आपली बाहेरून छापून आणलेली पानं बरी. वन्संनी मान डोलावली. घरी येऊन चार दिवस त्या जेवणात मीठ आहे की नाही, हेही बोलल्या नाहीत.

तर त्या दिवशी चादर टाकून त्या गेल्या, त्या वैद्यिणीचं पान घेऊन आल्या. “अगं, खरं सांग. हे पान तू उचललं असतंस का?”

मी वाचलं. वर ठळक लिहिलं होतं, ‘सोबत्यांची काळजी घेणे.’

“नाही,” मी म्हटलं. “दिवसभर मी दुसरं काय करते?”

वन्सं खुर्ची ओढून बसल्या. बाकी पाचांना स्वतःचं काहीतरी हवं होतं. हिला फक्त दुसऱ्यांचं. मी सहज विचारलं, की वन्सं, एकतीस वर्षं लोक तुमच्या खिडकीशी येत होते, तुम्हाला त्यातून काय मिळालं? त्या म्हणाल्या, माहिती. कोण कोणापासून काय लपवतंय, हे अख्ख्या गावात मला एकटीला माहीत असायचं. आणि त्यातलं एक अक्षर त्यांनी कधी बाहेर पडू दिलेलं नाही, हे मी देवाच्या पायांवर हात ठेवून सांगेन. बहिणीचं पोट म्हणजे विहीर आहे, असं यजमान म्हणतात ते उगाच नाही.

त्यांनी पान खोडलं आणि नवं केलं. कपड्यांच्या घड्या मी एकटीनेच घातल्या.

शनिवारी मला ओढून नेलं. टेबलावर सहा पानं मांडली होती. वन्सं कपाटाशी उभ्या, पुस्तक उलटं धरून. एक बस ड्रायव्हर आले, कॉलेजातल्या तीन मुली आल्या, एक निवृत्त मास्तर आले. आणि शेवटी त्याच टेलरबाई, ह्या वेळी तलवारवाली मिळते का बघायला. तलवारवाली मास्तरांनी केव्हाच उचलली होती. ड्रायव्हरांचा हात वैद्यिणीच्या पानाकडे चालला होता, तेवढ्यात बाईंनी वरची ओळ वाचली. ‘तू नाडी धरलीस की खोटं तुला कळतं. ह्या पाचांत एक जण खोटं बोलतोय. तो कोण, ते तुला शोधायचंय.’

“दादा, तुम्ही राजपुत्र घ्या,” बाई म्हणाल्या आणि पान छातीशी धरलं. “तुम्हाला शोभेल.”

खेळ सुरू झाला. राजपुत्र झालेले ड्रायव्हर भर दरबारात शपथेवर सांगू लागले, की मी तिघा भावांत धाकटा. बाई उठल्या. वन्संच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. पण बाईंनी पिशवीला हात लावला नाही. टेबलावरून वाकून त्यांनी ड्रायव्हरांचं मनगट धरलं.

“थांबा. नाडी बघू जरा.”

ड्रायव्हरांच्या कपाळाला खराच घाम आला होता. ग्रंथपालांनी फासे बाईंपुढे सरकवले. बाईंनी टाकले, आकडा मोठा आला, आणि राजपुत्राचं बिंग फुटलं. तीन तासांत त्या पाणी प्यायलाही उठल्या नाहीत. निघताना त्यांनी ग्रंथपालांना विचारलं, की हे पान घरी न्यायचं चालेल का.

ग्रंथपाल वन्संकडे आले. पुढच्या शनिवारपासून दोन टेबलं मांडायची, आणखी सहा पानं करा, असं म्हणाले. बाहेरच्या छापील पानांचं नावही त्यांनी काढलं नाही. वन्सं तोंडावर काही दाखवत नाहीत. त्यांनी फक्त पदराने चष्मा पुसला. मीच तिथल्या दोन अनोळखी माणसांना सांगून मोकळी झाले, की ही सगळी पानं ह्यांनी केली आहेत, ह्या माझ्या वन्सं.

घरी यजमानांनी विचारलं, काय मग ताई, भातुकली झाली का. त्यांना उत्तर मी दिलं आणि चांगलं दिलं. ते इथे लिहीत नाही. वन्संचं लक्षच नव्हतं. नव्या सहांत एक स्वयंपाकीण आहे, तिला काय हवंय, ते त्या मलाच विचारत होत्या. मी उद्यापर्यंतची मुदत मागून घेतली आहे. घरात जाड कागद एकच उरलाय. उद्या सकाळी दहाला दुकान उघडलं की वन्सं आणखी कागद आणायला जाणार आहेत.