आईचा खांदा आणि बाबांचा कोनमापक

लालबागच्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात आईचा पाय घसरला आणि डावा दंड खांद्यापाशी मोडला. ऑपरेशन करून प्लेट बसवली, नऊ स्क्रू मारले. बाबा गिरणीतले जुने फिटर. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते आईची तब्येत सांगायच्या आधी स्क्रूंचा आकडा सांगत.

आईची काळजी वेगळीच होती. तिचे केस अजून कमरेपर्यंत आहेत. पहाटे नळाला पाणी यायच्या आत अंबाडा घातला नाही, तर दिवस सुरू झाला असं तिला वाटतच नाही. “हात मागे जाईल ना गो माझा?” असं ती मला दिवसातून चारदा विचारायची. माझ्या हाताला धीर नाही म्हणून केस ती माझ्याकडे देईना. मग ते काम बाबांनी घेतलं. ते अशी काही घट्ट वेणी आवळायचे की आईच्या भुवया वर जायच्या.

डॉक्टरांनी रोजचा व्यायाम दिला होता. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी हळूहळू भिंत चढायची. बोटं पोचतील तिथे बाबा पेन्सिलीने रेघ मारायचे. रेघा वर वर सरकत होत्या, आणि एके दिवशी थांबल्या. दुखत असेल म्हणून मीही विचारलं नाही.

खरं कारण नंतर कळलं. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी दुसरा एक्स-रे काढला होता, तेव्हा डॉक्टर एका शिकाऊ डॉक्टरला सांगत होते, की खांद्याचा गोळा आणि खालचं हाड यांच्यातला कोन कमी झाला, तर जोड खचतोय असं समजायचं. आईचं त्यांनी छान आहे म्हणून सांगितलं होतं. पण दुसऱ्याच्या मोजमापावर बाबांनी कधी विश्वास ठेवलाय? घरी येऊन त्यांनी माझी शाळेतली कंपासपेटी शोधून काढली, दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवल्या आणि कोनमापक लावला. सात अंशांचा फरक आला. डॉक्टरांना विचारायचं सोडून त्यांनी आईचा व्यायामच बंद केला. “खांदो हलवू नको. प्लेट सुटतली.”

पुढच्या तपासणीला आईचा हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टर वैतागले. “आजी, व्यायाम केला नाहीत ना?”

जिने उभ्या जन्मात कशाचा कंटाळा केला नाही, ती माझी आई शांतपणे म्हणाली, “कंटाळा केला हो मी.”

बाबांनी खिशातून कोनमापक काढून टेबलावर ठेवला. “तिची चूक नाही. मी थांबवलं.”

मला त्या दोघांचाही भयंकर राग आला, आणि दोघांनाही तिथेच जवळ घ्यावंसं वाटलं.

डॉक्टर हसले नाहीत, म्हणून ते मला अजून आवडतात. त्यांनी त्या दिवशी काढलेला धरून तिन्ही एक्स-रे शेजारी शेजारी लावले. दुसऱ्या वेळी आईचा हात जरा आत वळला होता, म्हणून कोन कमी दिसत होता. पहिल्या आणि आजच्या फिल्ममध्ये हात सारखाच ठेवलेला होता आणि कोनही तोच होता. हाड जागच्या जागी होतं, खांदा मात्र आखडला होता. “सुटेल,” ते म्हणाले, “पण वेळ लागेल. आणि पूर्ण सुटेलच असं नाही.”

टॅक्सीत आई म्हणाली, “उद्यापासून दोनदा भिंत. आणि वेणी जरा सैल घाला.”

रेघा पुन्हा सुरू झाल्या. आई कळवळली की बाबा तोंड फिरवायचे, पण हातातली पेन्सिल सोडायचे नाहीत. कितीतरी महिने असे गेले.

मग एका सकाळी मी उठले तर आई आरशासमोर उभी होती, दोन्ही हात डोक्यामागे. डावा हात पुरता पोचत नव्हता, त्यामुळे अंबाडा चांगलाच डावीकडे कलला होता. आरशात तिला तो दिसत नव्हता.

“कसा झालाय?” तिने बाबांना विचारलं.

आमच्या घरात भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं झालं, तरी बाबा जेवता जेवता उठतात. ते तिच्या मागे जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ बघत राहिले. मी मनात म्हटलं, आता हे उजवीकडे सरकवायला सांगणार.

“एकदम सरळ आसा,” बाबा म्हणाले.