बाण जाळ्याकडे

दोन हजार सोळा साली मी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होते. डहाणूतल्या आमच्या मच्छीमार आळीत त्या शिक्षणाचा उपयोग एकच, कुणाचं काही बिघडलं की मला हाक. काका तर येईल-जाईल त्याला सांगायचा, "आमची पोरगी यंत्राच्या पोटातलं शिकते." खोटं नव्हतं ते. मासळी तोलायचा काटा, वॉशिंग मशीन, अच्छाडच्या तपासणी नाक्यावर खोळंबलेल्या ट्रकमधला ट्रॅकर, सगळ्यांच्या पोटात एकेक छोटा कॉम्प्युटर असतो. एम्बेडेड सिस्टिम म्हणतात त्याला. त्याला एकच काम शिकवून आत बसवतात, आणि तो बापडा मरेस्तोवर तेवढंच करतो. त्याला 'स्मार्ट' म्हणणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

आमच्या बोटीवरचा जीपीएसही त्याच जातीचा. आजोबांच्या काळी थर्मल वीजकेंद्राची चिमणी आणि महालक्ष्मीचा डोंगर कुठे एका रेषेत येतात ते बघून जाळ्याची जागा ध्यानात ठेवायचे. मग हा डबा आला. त्यात जागा साठवायची तर इंग्रजीतली खूप बटणं दाबत बसावं लागे. भिजल्या हातांनी ते कोण करणार? त्यापेक्षा कोपऱ्यातलं लाल बटण एकदा दाबलं की जागा पक्की, आणि तिकडे नेणारा बाणही पडद्यावर हजर. आळीतल्या सगळ्या बोटींची हीच रीत होती.

मी त्याचं माहितीपुस्तक वाचलं होतं. जेवताना बाबांना म्हटलं, "अहो, ते बटण माणूस पाण्यात पडला की दाबायचं आहे. मग बाण आपल्याला त्याच्याकडे नेतो."

काका हसला. "अगं, जाळ्यावरच माणसं जगतात ना आपली? मग जाळ्यासाठी दाबलं तर काय बिघडलं?" बाबाही हसले. मीही हसले.

त्या दिवशी बोटीवर तिघे होते. बाबा तांडेल म्हणून सुकाणूवर, काका आणि एक खलाशी. सकाळी जाळं टाकून नेहमीसारखं बटण दाबलं आणि ते जरा लांब जाऊन थांबले. परत जाळ्याकडे वळायच्या आतच पावसाची अशी सर आली की किनारा पुसलाच गेला. काका बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळीवर, दोर आवरत होता. लाट आली आणि तो गेला.

खलाशी ओरडला, "बटण! बटण दाबा!" बाबांनी पडद्याकडे पाहिलं. बाण लागलेला होता, म्हणजे खलाशाने दाबलं असणार. खलाशाने पाहिलं, बाण लागलेला आहे, म्हणजे तांडेलाने दाबलं. दाबलं कुणीच नव्हतं. बाबांनी बोट वळवली आणि बाणावर नजर रोवून हाकली. अंतर कमी होत गेलं, पोचल्याची शिटी वाजली. समोर जाळ्याचा बोया डुलत होता.

तोवर काका कुठच्या कुठे मागे राहिला होता. आळीतल्या सगळ्या बोटी शोधायला गेल्या. तो सापडला नाही.

आता मी मुलांना हाच विषय शिकवते. यंत्र दिलेलं काम चोख करतं, असं फळ्यासमोर म्हणावं लागतं. चोखच केलं होतं त्याने.

तेव्हा काकाचे दिवस उरकल्यावर काकू आमच्या दारात आली. तिला काका पडला त्या जागी नारळ आणि फुलं सोडायची होती. मला म्हणाली, "तू शिकलीस ना, त्या डब्यातून जागा काढून दे." मी एकेक साठवलेली जागा उघडून पाहिली. सगळी जाळ्यांची ठिकाणं. तिला तसं सांगताना मला रडू फुटलं.

तरी बाबा तिला घेऊन गेले. मीही होते. आभाळ स्वच्छ होतं. बऱ्याच आत गेल्यावर बाबांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "इथंच." खलाशी खाली मान घालून म्हणाला, "नाही तांडेल, आणखी उत्तरेला." बाबांनी बोट उत्तरेला नेली, पुन्हा थांबवली, आणि या वेळी 'इथंच' म्हणायला त्यांचं तोंड उघडेना.

काकूने दोघांकडे पाहिलं. नारळ पदराखाली घेतला.

"माहीत नाही ना? मग मी सोडत नाही. परत चला."